कै. ललिता पवार : एक जिद्दीचे जीवन

येवल्याची कीर्ती पैठणीमुळे सर्वदूर पसरली. परंतु त्याच गावी १८ एप्रिल १९१६ रोजी जन्मलेल्या अंबेनेही, म्हणजेच पुढील काळातील ललिता पवार यांनी, ती वाढविली, याचा आम्हा नाशिक जिल्हावासीयांस अभिमान वाटतो. मूकपटांच्या काळी बालवयातच चित्रसृष्टीत येऊन त्या नायिका झाल्या.

१९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या चपराकीने त्यांच्या चेहऱ्यास पक्षाघात झाला व डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकापद सुटले. दुसरी असती तर घरी बसती. बाईंनी त्याच डोळ्यास अभिनयाचे साधन केले. खाष्ट सासू म्हणून त्या घरोघरी ठाऊक झाल्या. तथापि त्यांचा विनोद आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. ‘अनाडी’तील (१९५९) मिसेस डिसा तोंडाने फटकारते, पोटात माया ठेविते, या भूमिकेस फिल्मफेअर पारितोषिक लाभले. ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) करड्या शिस्तीची प्रौढ बाई म्हाताऱ्याच्या वेषातील तरुणावर भाळते, नटते, लाजते, हसता हसता तिची कीवही येते.

१९८७ साली दूरदर्शनवरील ‘रामायणा’त मंथरा साकारिली तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

अंगच्या व्यंगाने खचणाऱ्या मुलामुलींपुढे पालकांनी हे चरित्र अवश्य ठेवावे.