बागेचे राखणदार : फादर सांतापाव, ये. सं.

उत्पत्तीच्या पुस्तकांत आदिपुरुषाला परमेश्वराकडून दोन कामें मिळालीं : बागेची मशागत करून ती राखणें, आणि पशुपक्ष्यांस नांवें देणें. पहिलें काम सर्वांच्या स्मरणांत आहे. दुसऱ्याकडे आपण बालकथेंतील गंमत म्हणून पाहतों. वस्तुतः ज्याचें नांवही ठाऊक नाहीं त्याची राखण कोण करणार ? गवतझुडपांना नांवें देण्याचें काम आदामाकडून राहूनच गेलें, असें विनोदानें म्हणतां येईल. तें ज्यांनीं जन्मभर भक्तिभावानें केलें, त्या फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचें चरित्र या ज्युबिली-स्मरणिकेच्या वाचकांस सादर करीत आहों.

त्यांचा जन्म १९०३ सालीं स्पेन देशांतील कातालोनिया प्रांतीं, ला गालेरा या गांवीं झाला. तरुण वयांतच ते येशूसंघांत दाखल झाले व १९२८ सालीं भारतांत आले. पुढें लंडन विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचें उच्च शिक्षण घेऊन व क्यू येथील विख्यात उद्यानांत अभ्यास करून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत प्राध्यापक झाले. त्यांच्याच संघाचे स्विस धर्मगुरु फादर एथेलबर्ट ब्लाटर (मृत्यु १९३४) यांनीं उभारलेला वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह तेथें होता. तो त्यांनीं नुसता सांभाळला नाहीं, तर पुष्कळ वाढविला.

मिस्सा अर्पण करणाऱ्या हातांनीं गवताच्या काड्या मोजीत बसावें काय, अशी शंका भाविकास येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेंतच सांपडतें. मनुष्य देवाच्या स्तुतीसाठीं निर्माण झाला, आणि इतर सृष्टि त्याला त्या कामीं साह्य व्हावें म्हणून. ज्या मानानें साह्य होईल त्या मानानेंच तिचा उपयोग करावा, अशी त्या संताची शिकवण आहे. या एका मर्यादेंत सृष्टिरक्षणाचें सारें धर्मशास्त्र आलें, असें आम्हांस वाटतें. पोप फ्रान्सिस यांचें सृष्टीविषयींचें परिपत्र २०१५ सालचें. फादर सांतापाव त्या वाटेनें कित्येक दशकें आधींच चालत होते.

खंडाळ्याचा घाट ही त्यांची खरी पाठशाळा. वर्षानुवर्षें ते त्या डोंगरांत हिंडले, आणि १९५३ सालीं तेथील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कारवीकडे त्यांचें विशेष लक्ष असे. ही झुडपें सात-आठ वर्षांतून एकदां सारा डोंगर जांभळा करून फुलतात, बीं टाकतात आणि मरतात. चार वर्षें कॉलेजांत काढणाऱ्या विद्यार्थ्यास तो फुलोरा कदाचित् दिसणारही नाहीं. त्यापूर्वींच ती कुडासाठीं सरसकट तोडली, तर पुढें बीं कोठून येणार ? कारवी व बांबू यांच्या सामुदायिक फुलोऱ्याच्या नोंदी फादरांनीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या. असल्या नोंदींना लागणारें धैर्य घाईच्या माणसाजवळ नसतें.

विद्यार्थ्याचें शील घडविण्यास ही विद्या फार उपयोगी आहे. संग्रहांतील प्रत्येक नमुन्यावर ठिकाण, तारीख व गोळा करणाराचें नांव लिहावें लागतें. आठवत नसतां अंदाजानें तारीख घातली, तर त्या क्षणीं कोणासही कळत नाहीं. परंतु पन्नास वर्षांनीं तीच एखाद्या अभ्यासकास आडवाटेला नेते. कोणी पाहत नसतां खरें लिहिण्याची संवय मुलांस प्रवचनानें क्वचितच लागते. ती अशा कागदावर लागते.

आपल्या भिवापुराकडे पहा. येथील मिरचीची कीर्ति दूरवर आहे, आणि २०१२ सालीं स्थापन झालेलें उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आपल्या तालुक्यांतही पसरलें आहे. पळस व मोह सोडून बांधावरच्या आणखी दहा झाडांचीं नांवें आपल्या मुलांना सांगतां येतील काय, हें प्रत्येक घरानें पडताळून पहावें.

सामान्य वाचकांसाठीं फादरांनीं नेहमीच्या पाहण्यांतील वृक्षांवर इंग्रजींत एक लहान पुस्तक लिहिलें. तें १९६६ सालीं नॅशनल बुक ट्रस्टनें काढलें. त्या सुमारास ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याचे प्रमुख होते. १९६७ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली, आणि १९७० च्या जानेवारींत मुंबईस ते प्रभुचरणीं विलीन झाले. त्यांनीं गोळा केलेल्या वनस्पती, ठिकाण-तारखेसह, झेवियर्सच्या संग्रहांत आहेत.