गागोद्याचे अपरिग्रही : आचार्य विनोबा भावे

माणगावहून मुंबई-गोवा महामार्गाने उत्तरेस निघाले की कोलाड, नागोठणे, वडखळ ही गावे ओलांडून पेण लागते. याच पेण तालुक्यात गागोदे नावाचे एक लहानसे खेडे आहे. पूर्वीच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या देशाने त्यांना आचार्य विनोबा भावे या नावाने ओळखले.

भूदान चळवळीचे प्रणेते, ‘गीताई’चे कर्ते आणि १९४० साली महात्मा गांधींनी निवडलेले पहिले वैयक्तिक सत्याग्रही ही त्यांची ओळख सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या जीवनाची आणखी एक बाजू आहे आणि आजच्या काळात तीच अधिक मोलाची ठरावी. आपल्या अन्नाचा, वस्त्राचा, प्रवासाचा आणि आपण केलेल्या घाणीचा भार आपण दुसऱ्यावर आणि धरतीवर किती टाकतो, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर स्वतःला विचारला. पर्यावरण हा शब्द घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्यांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या दिनचर्येत शोधले.

या वृत्तीचे बीज गागोद्याच्या घरात पेरले गेले. आजोबा शंभुराव चांद्रायण व्रत करीत. चंद्राच्या कलेबरोबर रोज एकेक घास वाढवायचा आणि पुढे तसाच एकेक घास कमी करायचा, असे हे व्रत. अन्न मोजून घेता येते, हे बाल विनायकाने प्रथम आजोबांच्या पानात पाहिले. मातोश्री रुक्मिणीबाईंचा संस्कार तर त्याहून खोल. तुळशीला पाणी घातल्यावाचून मुलाला जेवण मिळत नसे. घरच्या झाडाचा फणस पिकला की त्याचे गरे आधी शेजारपाजारच्या घरी पोहोचवायचे आणि मगच स्वतः खायचे, असा त्या माउलीचा दंडक होता. एकदा बाल विनायक हातातील काठीने घराच्या लाकडी खांबावर उगाच ठोकत होता. आईने त्याला थांबवले. त्या खांबातही ईश्वर आहे, त्याला विनाकारण का दुखवायचे, असे तिने समजावले. निर्जीव वाटणाऱ्या वस्तूलाही कारणावाचून इजा करू नये, हा धडा त्या मुलाला कोणत्याही पाठशाळेत जाण्यापूर्वीच मिळाला.

याच माउलीने एकदा देवाला तांदळाचे एक लाख दाणे वाहण्याचा संकल्प केला. ती रोज एकेक दाणा मोजून वाही. वडील नरहरपंत विज्ञाननिष्ठ. थोडे दाणे मोजून त्यांचे वजन करावे आणि त्या हिशेबाने लाखभर दाणे काढून घ्यावेत, असे त्यांनी सुचवले. आईने मुलाचे मत विचारले. मोजताना प्रत्येक दाण्याबरोबर ईश्वराचे स्मरण होते, तेव्हा मोजणे हीच पूजा, असे मुलाने सांगितले. एकेका दाण्याची अशी कदर ज्या घरात होते, त्या घरात पानात अन्न टाकले जात नाही.

पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्यास गेले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतला उतरला आणि ब्रह्मजिज्ञासेने थेट काशीस पोहोचला. शाळेची प्रमाणपत्रे त्याने आधीच चुलीत जाळून टाकली होती. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्याची गांधीजींशी भेट झाली. गांधीजी त्या वेळी भाजी चिरीत बसले होते. त्यांनी या अभ्यागतालाही भाजी चिरण्यास बसवले. रोजच्या लहानशा कामातच जीवनाचे तत्त्व दडलेले असते, ही आश्रमजीवनाची पहिली दीक्षा होती.

१९२१ साली गांधीजींच्या इच्छेनुसार विनोबा वर्ध्यास आले. जवळच्या नालवाडी येथे त्यांनी एक कठोर प्रयोग केला. दिवसाचे कित्येक तास टकळीवर सूत कातायचे आणि त्या सुताची जी मजुरी होईल, तेवढ्यातच आपला निर्वाह करायचा. कातणाऱ्या गरीब स्त्रीला जे परवडत नाही, ते आपल्या पानातही असू नये, हा त्यामागील विचार होता. परंतु या प्रयोगाने त्यांची प्रकृती पार ढासळली. अखेर १९३८ साली, गांधीजींच्या आग्रहावरून विश्रांती घेण्यासाठी, ते धाम नदीकाठच्या पवनार येथे जमनालालजी बजाज यांच्या बंगल्यात राहावयास गेले. तेथे त्यांनी रोज काही मिनिटे खोदकाम करण्यास आरंभ केला आणि शक्ती येईल तसतसा वेळ वाढवला. संयमालाही मर्यादा असावी लागते, देह झिजवणे म्हणजे संयम नव्हे, हे त्यांनी अनुभवाने जाणले. याच खोदकामात भरत-राम भेटीची प्राचीन मूर्ती मिळाली, ही घटनाही प्रसिद्ध आहे.

१९४६ ते १९४८ या काळात विनोबांनी पवनारजवळच्या सुरगाव या खेड्यात भंगीकाम केले. रोज सकाळी खांद्यावर फावडे टाकून ते पायी सुरगावला जात, रस्त्याकडेचा मैला उचलीत आणि मातीआड करीत. उघड्यावर पडलेला मैला माशा, रोगराई आणि दूषित पाणी यांना कारण होतो. तोच मातीत मुरला की त्याचे सोनखत होते आणि पिकाने जमिनीतून घेतलेले सत्त्व जमिनीला परत मिळते. एके दिवशी पावसाने वाटेतील ओढ्याला पूर आला. पलीकडे जाता येईना. तेव्हा विनोबांनी पैलतीरावरील माणसाला हाक मारून निरोप दिला की, गावचा भंगी आला होता, पण पुरामुळे परत गेला, हे देवळातील देवाला कळवावे. ज्यांच्या माथी समाजाने शतकानुशतके हे काम लादले, त्यांच्या श्रमाचा भार विद्वान ब्राह्मणाने आपल्या खांद्यावर घेणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आपली घाण दुसऱ्याने उचलावी, ही अपेक्षा हाही एक परिग्रहच आहे, असे या कृतीने शिकवले.

स्वातंत्र्यानंतर पवनारच्या परंधाम आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा संकल्प केला. आश्रमाने पैशाची देणगी घ्यायची नाही. धान्य-भाजी स्वतः पिकवायची आणि वस्त्र स्वतः विणायचे. बैलांवाचून, केवळ माणसाच्या श्रमाने केलेल्या या शेतीला त्यांनी ऋषिशेती म्हटले. विहिरीवरील रहाट आश्रमवासी स्वतः फिरवीत आणि फिरवताना गीताईचे श्लोक म्हणत. पाण्याची प्रत्येक घागर स्वतःच्या बाहुबलाने वर काढावी लागली की पाणी आपोआप जपून वापरले जाते. आज नळाची तोटी फिरवताना याची आठवण क्वचितच होते.

१९५१ साली हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन होते. आगगाडीची सोय असताना विनोबा सुमारे ३०० मैल पायी गेले. परतीच्या वाटेवर १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी १०० एकर जमीन दान मिळाली आणि भूदानगंगा उगम पावली. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते पायी चालत राहिले. पोटाच्या विकारामुळे दूध, दही, मध असा परिमित आहार आणि सोबत मोजके सामान, एवढ्यावर देशभरची ही यात्रा झाली. १९५८ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६४ साली ते पवनारला परतले.

या यात्रेचे यश सांगताना तिच्या मर्यादाही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. दानात ४० लाखांहून अधिक एकर जमीन मिळाली खरी, पण तिचा मोठा भाग प्रत्यक्षात वाटला गेला नाही. काही जमीन नापीक निघाली, काही वादात अडकली. पुढे बिहारमधील तुफान यात्रेत विनोबांनी वाहनही स्वीकारले. मात्र कोटी मनांना एका हाकेने बदलणे जेथे कठीण गेले, तेथे एका देहापुरते त्यांनी जे बदलले ते अखेरपर्यंत टिकले. १९५९ साली त्यांनी पवनार येथे स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात भगिनींनी स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतःच करण्याचा परिपाठ ठेवला.

जैन समाजावर विनोबांचे एक ऋण आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, सर्व आम्नायांना मान्य होईल असा जैन धर्माचा एक सारग्रंथ असावा, अशी त्यांची तळमळ होती. त्यांच्या प्रेरणेने क्षुल्लक जिनेन्द्र वर्णीजींनी संकलन केले, १९७४ साली दिल्लीत भरलेल्या संगीतीत विविध आम्नायांच्या मुनिवरांनी व विद्वानांनी त्यास मान्यता दिली आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ सिद्ध झाला. जन्माने जैन नसलेल्या या साधकाला महावीरांची शिकवण इतकी जवळची का वाटली, याचे उत्तर त्यांच्या दिनचर्येत आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहाचे परिमाण आहे, दिशांचे म्हणजे जाण्यायेण्याचे परिमाण आहे आणि भोगोपभोगाचेही परिमाण आहे. तपात ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे आहे. किती वस्तू, किती प्रवास, किती अन्न, हे आधीच ठरवून त्या आत राहणे, हाच या सर्वांचा गाभा. आज जगभर अन्नाची नासाडी, इंधनाचा धूर आणि कचऱ्याचे डोंगर यांवर जी चर्चा चालते, तीही अखेर याच मोजमापापाशी येऊन थांबते.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दीपावलीच्या दिवशी, भगवान महावीरांच्या निर्वाणतिथीलाच, त्यांनी पवनार येथे देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा सन्मान देण्यात आला.

गागोद्याची माती आणि काळ नदीकाठच्या माणगावची माती एकाच जिल्ह्याची आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर कायद्याने बंदी आली. परंतु बाजाराला निघताना खुंटीवरची कापडी पिशवी हाती घेणे हे काम कायद्याचे नाही, ते घरातील संस्काराचे आहे. पंगतीत हवे तेवढेच वाढून घेणे, जेवणानंतर ताट धुऊन ते पाणी पिण्याची वडीलधाऱ्यांची रीत जपणे, जवळच्या अंतराला पायी जाणे, ओला कचरा परसातील झाडाच्या आळ्यात जिरवणे, नवे वस्त्र घेण्याआधी जुने किती आहेत ते मोजणे, यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. विनोबांनी देह झिजवून केलेले प्रयोग प्रत्येकाला झेपणारे नाहीत आणि तशी त्यांची अपेक्षाही नव्हती. मात्र पिकलेल्या फणसाचे गरे आधी शेजारी पोहोचवण्याची त्यांच्या मातोश्रींची शिकवण कोणत्याही घरात आज, या क्षणी आचरता येण्याजोगी आहे.

रायगडच्या या थोर सुपुत्राच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!