विश्लेषण : पेटी एक, संगीत अनेक, गोविंदराव टेंबे यांनी हे कसे साधले?

शास्त्रीय मैफल, संगीत नाटक आणि बोलपट. तिन्हींच्या रीती वेगळ्या. कोल्हापूरचे पेटीवादक गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) तिन्हींत वावरले. तेही मैफलीत ज्यावर सतत आक्षेप घेतला गेला, ते वाद्य हाती धरून.

पेटीवर आक्षेप काय?

पेटीचे सूर पट्ट्यांना बांधलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. रागानुसार किंचित चढणारे-उतरणारे स्वरही मिळत नाहीत. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीच घातली. ती सुमारे तीन दशके टिकली. ज्या वाद्याने टेंबे यांना नाव दिले, त्यालाच त्यांच्या उतारवयात रेडिओचे दार बंद झाले.

मैफलीत ते काय शिकले?

पेटी त्यांनी बरीचशी ऐकून, स्वतःच्या मेहनतीने आत्मसात केली. कोल्हापुरात अल्लादियाँ खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाला होते, देवल क्लबात गवयांची ये-जा असे. टेंबे यांनी साथ केली ती भास्करबुवा बखले यांना. बुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांच्या गायकीची तालीम घेतलेली. त्यामुळे एका घराण्याचे ठोकताळे इथे पुरेसे नव्हते. गवयाची पुढची जागा ओळखायची, पण त्याच्यापुढे पळायचे नाही, हे साथीचे मर्म. मींड नाही, तर कणस्वर आणि भात्याचा दाब यांनी सूर जोडायचे.

नाटकात काय बदलले?

१९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमान’ला टेंबे यांनी चाली दिल्या. साकी, दिंडीला सरावलेल्या रंगभूमीवर त्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी, दादरा, कजरीचा बाज आणला. चाल उचलली की काम झाले, असे नव्हते. ती मराठी शब्दांत बसायला हवी, प्रसंगाला शोभायला हवी आणि भामिनी साकारणाऱ्या बालगंधर्वांच्या गळ्याला मानवायला हवी. १९१३ मध्ये ते गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी एक झाले. पुढे त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळीही काढली.

बोलपटाचे आव्हान कोणते?

पन्नाशीत, १९३२ मध्ये, त्यांनी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ला संगीत दिले आणि हरिश्चंद्रही साकारला. तेव्हा पार्श्वगायन रुळले नव्हते. नटानेच कॅमेऱ्यासमोर गायचे. नाटकात ‘वन्स मोअर’ मिळाला की पद रंगत जाई. इथे ते ठरल्या वेळेत संपवणे भाग होते.

आजच्या वादकासाठी काय?

आज की-बोर्डवर बटण दाबले की हवा तो आवाज मिळतो. शैली मात्र बटणावर मिळत नाही. टेंबे यांच्या पेटीचे सूर शेवटपर्यंत तेच राहिले; प्रत्येक नव्या ठिकाणी आधी कान बदलला, मग बोटे.