हेन्लेचा लूप : पाणी वाचवणारी नळी आणि ती शोधणारे डॉक्टर

घरात कुणाला पायांच्या सुजेसाठी किंवा हार्ट फेल्युअरसाठी फ्युरोसेमाइडची गोळी चालू आहे का? ही गोळी किडनीतल्या ज्या बारीक नळीवर काम करते, तिला हेन्लेचा लूप म्हणतात. हे हेन्ले कोण, ते सांगतो.

याकोब हेन्ले यांचा जन्म १८०९ साली जर्मनीतल्या फ्युर्थ गावचा. डॉक्टर झाल्यावर बर्लिनमध्ये, विद्यार्थी संघटनेत भाग घेतल्यामुळे त्यांना अटकही झाली. १८४० साली त्यांनी साथीचे रोग जिवंत सूक्ष्मजीवांमुळे होतात असे मांडले. फारसे कुणी मानले नाही. १८४६ साली त्यांनी शिवणकाम करणाऱ्या एलिझशी लग्न केले. दोनच वर्षांत ती क्षयाने गेली. पुढे १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला तो रॉबर्ट कोख यांनी, म्हणजे हेन्ले यांच्याच विद्यार्थ्याने.

लूप त्यांना दिसला १८६२ साली, गॉटिंगेनला. सूक्ष्मदर्शकाखाली किडनीच्या आतल्या भागात नळ्या खाली उतरून, केसांच्या पिनेसारख्या वळून परत वर जाताना दिसल्या. त्या कशासाठी, हे १८८५ साली ते वारले तेव्हाही कोडेच होते.

उत्तर विसाव्या शतकात मिळाले. या नळीच्या चढत्या बाजूतून मीठ बाहेर पडते, पाणी मात्र पडत नाही. त्यामुळे किडनीचा आतला भाग खारट होतो आणि तो लघवीतले पाणी ओढून शरीराला परत देतो. अमेरिकेच्या वाळवंटातल्या कांगारू उंदराचे हे लूप शरीराच्या मानाने खूप लांब असतात. त्याची लघवी आपल्या घट्टात घट्ट लघवीच्या चौपटीहून दाट होऊ शकते. कोरडे बी खाऊन, पाणी न पिता तो जगतो. बी पचताना तयार होणारे पाणी त्याला जवळपास पुरते.

फ्युरोसेमाइड ही मीठ बाहेर टाकण्याची क्रियाच अडवते. मीठ नळीत राहते, त्याच्यासोबत पाणीही जाते, म्हणून गोळीनंतर लघवी वाढते आणि सूज उतरते. वयाबरोबर किडनीची पाणी वाचवण्याची ताकदही कमी होते. म्हणून आजी-आजोबांना ही गोळी चालू असताना जुलाब, उलट्या किंवा चक्कर सुरू झाली, तर पुढचा डोस द्यायचा की नाही हे त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना विचारा. एरवी गोळी किंवा पाण्याचे ठरवून दिलेले प्रमाण मनाने बदलू नका.