हाफकिन आणि भायखळ्याचे कैदी

परळची हाफकिन संस्था महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ज्यांचे नाव तिला दिले, ते गृहस्थ मात्र विस्मृतीत गेले आहेत. वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली आणि जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९६ च्या ऑक्टोबरात ते प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत अवघ्या तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी पुन्हा स्वतःवरच तिचा पहिला प्रयोग केला.

इथवर सारे उदात्तच आहे. पुढची पायरी मात्र भायखळ्याचा तुरुंग होती. तेथे प्लेग शिरताच सुमारे दीडशे कैद्यांना लस टोचण्यात आली आणि ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्याशी तुलना केली गेली. लशीचा गुण स्पष्ट दिसला. कैदी स्वखुशीने पुढे आले, असे नोंदी सांगतात. पण गजांआडच्या माणसाची स्वखुशी कशी मोजावयाची? बाजारातील सौदा मुक्त ठरण्यासाठी नकार देण्याची मोकळीक लागते, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थीही जाणतो.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांस लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी मंडळाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन पदावरून दूर झाले. वस्तुतः बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका पुसला गेला. ते भारतात परतले, पण कलकत्त्यास. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा लाभली नाही.

प्रयोगापूर्वी नैतिकता समितीची मंजुरी, लेखी संमती आणि इजा झाल्यास भरपाई ही बंधने आपल्याकडे २०१९ च्या औषधचाचणी नियमांत आहेत. संशोधक त्यांना लालफीत म्हणून नाके मुरडतात. मुलकोवालला अशी व्यवस्था असती, तर मृतांच्या कुटुंबांइतकाच आधार तिने हाफकिन यांनाही दिला असता.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे ते निवर्तले.