हेलिकॉनचा मेंढपाळ कवी

ग्रीस देशातील बीओशिया प्रांतात हेलिकॉन नावाचा एक पर्वत आहे. त्याच्या पायथ्याशी प्राचीन काळी अस्क्रा नावाचे एक लहानसे खेडे होते. हिवाळ्यात तेथे कडाक्याची थंडी पडे, तर उन्हाळ्यात अंग भाजून निघे. अशा या खेड्यात इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास हेसिअड हा कवी होऊन गेला. आपल्या आयुष्याची थोडीबहुत हकीकत त्याने स्वतःच आपल्या काव्यांत सांगून ठेवली आहे.

हेसिअडचे वडील मूळचे अस्क्राचे नव्हेत. समुद्रापलीकडे आशिया मायनरच्या किनाऱ्यावर क्यूमी नावाचे गाव होते, तेथले ते राहणारे. गलबतातून प्रवास करून ते पोट भरीत. परंतु दारिद्र्याने त्यांची पाठ काही सोडली नाही. अखेर ते गाव सोडून अस्क्राला आले आणि तेथेच स्थायिक झाले. हेसिअड हेलिकॉनच्या उतारावर मेंढरे चारीत असे.

एके दिवशी मेंढरे चरत असता त्याला म्यूझ देवतांचा साक्षात्कार झाला, असे तो सांगतो. म्यूझ म्हणजे काव्य व कला यांच्या नऊ देवता. त्यांनी प्रथम रानात राहणाऱ्या मेंढपाळांची चांगली कानउघाडणी केली. मग हेसिअडच्या हाती लॉरेल वृक्षाची हिरवी फांदी देऊन त्याच्या ठायी दिव्य वाणी फुंकली आणि अमर देवांच्या कुळाचे गान करण्याची त्याला आज्ञा केली. त्या दिवसापासून मेंढपाळ कवी झाला.

त्या काळी ग्रीसमध्ये देवांच्या नाना कथा लोकांच्या तोंडी होत्या. कोणता देव आधीचा, कोण कोणाचा पुत्र, याची नीट संगती लावण्याचे अवघड काम हेसिअडने अंगावर घेतले. त्यातून सुमारे हजार ओळींचे 'थिऑगनी' हे काव्य निर्माण झाले. थिऑगनी म्हणजे देवांची उत्पत्ती.

या काव्यात हेसिअड सांगतो, की प्रारंभी केऑस म्हणजे अथांग पोकळी झाली. त्यानंतर गीया म्हणजे पृथ्वी, टार्टारस म्हणजे पाताळ आणि इरॉस म्हणजे प्रेम ही प्रकट झाली. केऑसपासून अंधार व रात्र जन्मली आणि रात्रीच्या पोटी दिवस आला. पृथ्वीने आपल्याएवढेच विशाल आकाश निर्माण केले. त्याचे नाव युरेनस. या दोघांना जी बलाढ्य मुले झाली, त्यांतील बारा जणांना टायटन म्हणतात. युरेनसने आपली मुले पृथ्वीच्या उदरात कोंडून ठेवली. तेव्हा दुःखी मातेने एक विळा घडविला. तो हाती घेण्याचे धैर्य एकट्या क्रोनसला झाले. तो सर्वांत धाकटा टायटन. त्याने विळ्याचा घाव घालून पित्याची सत्ता संपविली.

परंतु जुलमाला जुलमाने उत्तर देणारा क्रोनसही तसाच निघाला. आपला पुत्र आपले राज्य घेईल, या भीतीने तो आपली मुले जन्मताच गिळू लागला. शेवटी त्याची पत्नी ऱ्हिया हिने धाकट्या झ्यूसला क्रीट बेटात लपविले आणि बाळाऐवजी कापडात गुंडाळलेला धोंडा नवऱ्यापुढे केला. पुढे झ्यूस मोठा झाला. त्याची भावंडे मुक्त झाली. मग देव व टायटन यांचे दहा वर्षे युद्ध चालले. शंभर हातांचे तीन राक्षस झ्यूसच्या साहाय्यास आले, तेव्हा टायटन हरले व टार्टारसमध्ये बंदिवान झाले. पृथ्वीवरून टाकलेली ब्राँझची ऐरण नऊ दिवस व नऊ रात्री खाली पडत राहील आणि दहाव्या दिवशी तेथे पोहोचेल, इतके ते पाताळ खोल आहे, असे हेसिअड म्हणतो.

हेसिअडला समुद्राची भीती वाटे. ऑलिसहून युबीआ बेटापर्यंतचा आखूड प्रवास एवढाच त्याने गलबतातून केला. त्या बेटावरील कॅल्सिस शहरात अँफिडॅमस राजाच्या स्मरणार्थ स्पर्धा भरल्या होत्या. काव्यगायनात हेसिअड जिंकला व त्याला तीन पायांचे पात्र बक्षीस मिळाले. ते त्याने घरी ठेवले नाही. हेलिकॉनवर म्यूझ देवतांना अर्पण केले.

असा मान मिळविलेल्या कवीवर घरात मात्र अन्याय झाला. वडिलांच्या मिळकतीची वाटणी झाली, तेव्हा त्याचा भाऊ पर्सिस याने न्याय देणाऱ्या सरदारांना लाच चारून अधिक वाटा लाटला. पण आयता पैसा टिकला नाही. पर्सिस भावाच्याच दारी मागावयास आला. हेसिअडने आता आणखी काही देण्याचे नाकारले. मात्र त्याच्यासाठी एक काव्य रचले. 'कामे आणि दिवस' हे त्या काव्याचे नाव. नांगरणी केव्हा करावी, कापणी केव्हा करावी, गलबत समुद्रात केव्हा लोटावे, हे सारे त्यात आहे. कष्टात लाज नाही, लाज आहे ती आळसात, हे त्याने भावाला बजाविले.

लाचखाऊ सरदारांनाही त्याने सोडले नाही. थेमिस ही टायटन देवता. झ्यूसपासून तिला डिकी म्हणजे न्याय ही कन्या झाली. माणसे तिला फरफटत नेतात, तेव्हा ती झ्यूसपाशी बसून गाऱ्हाणे सांगते आणि साऱ्या नगराला त्याचे फळ भोगावे लागते, असा इशारा त्याने दिला. हेसिअडजवळ ना सैन्य होते, ना संपत्ती. तरीही एका शेतकऱ्याने सत्ताधाऱ्यांना त्यांचा अन्याय तोंडावर सांगितला.

पुढे ऑर्कोमेनस या गावी हेसिअडची समाधी दाखवीत असत. ज्या सरदारांनी लाच घेतली, त्यांची नावेसुद्धा आज कोणास ठाऊक नाहीत. मेंढपाळ कवीची दोन्ही काव्ये मात्र सत्तावीस शतकांनंतरही जगभर वाचली जात आहेत. म्यूझ देवतांची माता निमॉसिनी ही टायटनच होती, आणि तिच्या नावाचा अर्थ आहे स्मृती.