परक्या भाषेचा जिव्हाळ्याचा शिक्षक : लाफ्काडिओ हर्न

इंग्रजी शिकले की मूल घरापासून तुटते, अशी धास्ती पुष्कळ पालकांना वाटते. उलट, इंग्रजी यायला हवी तर घरची भाषा आणि घरच्या गोष्टी मागे टाकल्या पाहिजेत, असे मानणारे पालकही थोडे नाहीत. या दोन्ही समजुती खोट्या आहेत, हे जपानमधील एका इंग्रजीच्या शिक्षकाने आपल्या वर्गात दाखवून दिले. त्यांचे नाव लाफ्काडिओ हर्न.

हर्न यांचा जन्म २७ जून १८५० रोजी लेफ्काडा या ग्रीक बेटावर झाला. आई ग्रीक, वडील आयरिश आणि ब्रिटिश सैन्यात डॉक्टर. बाळ दोन वर्षांचे असताना आई त्याला घेऊन आयर्लंडमधील डब्लिन शहरी आली. परंतु आईवडिलांचे पटले नाही. आई मायदेशी परतली ती कायमचीच. वडिलांच्या मावशीने या मुलाचा सांभाळ केला. सोळाव्या वर्षी शाळेत खेळताना इजा होऊन त्याचा डावा डोळा गेला आणि उजव्याची दृष्टीही अधूच होती. पुढे मावशीआजीची सारी दौलत बुडाली व शिक्षण अर्धवट राहिले.

एकोणिसाव्या वर्षी हर्न अमेरिकेतील सिनसिनाटी शहरी गेले. तेथे त्यांनी उपासमार सोसली, पडेल ते काम केले आणि अखेर ते वृत्तपत्राचे बातमीदार झाले. नंतर न्यू ऑर्लिन्स येथे असताना त्यांनी क्रिओल लोकांच्या म्हणी गोळा केल्या. त्यांचे पुस्तक १८८५ साली निघाले. ज्याला स्वतःचे घर नीट लाभले नाही, त्याला इतरांच्या घरातील गोष्टींची अशी ओढ लागली होती.

एप्रिल १८९० मध्ये लेखनाच्या कामासाठी ते जपानला पोहोचले. त्या काळी जपान पाश्चात्त्य विद्या झपाट्याने आत्मसात करीत होता आणि त्यासाठी परदेशी शिक्षक नेमले जात होते. त्याच वर्षी मात्सुए या गावच्या शाळेत हर्न इंग्रजी शिकवू लागले. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, परंतु मुलांविषयी आस्था होती.

निबंधासाठी ते मुलांना लंडनचे धुके किंवा इंग्रजांचे नाताळ देत नसत. बोतान नावाचे तेथील फूल, युरोपीय आणि जपानी चालीरीती, माणसाला सर्वांत जास्त काळ काय आठवते, असे त्यांचे विषय असत. मुलाला सांगण्यासारखे पुष्कळ असे, फक्त शब्द हवे असत. ते शब्द देण्याचे काम हर्न करीत. मुले त्यांच्या घरी येत, आपल्याकडील जुन्या वस्तू दाखवीत आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांची माहिती सांगत. अशा रीतीने शिक्षकही शिकत होता आणि शिष्यही.

मात्सुए येथेच त्यांनी सेत्सु कोइझुमी यांच्याशी संसार मांडला. सेत्सु एका सामुराई घराण्यातील, पण ते घराणे बदलत्या काळात गरीब झाले होते. हर्न यांना जपानी लिपी नीटशी वाचता येत नसे. सेत्सु त्यांना रात्री जुन्या गोष्टी सांगत. पुस्तकातून वाचू नका, आपल्या शब्दांत सांगा, असा हर्न यांचा आग्रह असे. या गोष्टींतूनच १९०४ साली 'क्वाइदान' हे त्यांचे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक तयार झाले.

१८९१ मध्ये ते कुमामोतो येथील उच्च शाळेत गेले. तेथे पतीच्या जागी मरण पत्करणाऱ्या अल्सेस्टिस या स्त्रीची ग्रीक कथा त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितली आणि त्यांचे मत विचारले. मुलांनी आपल्या घरच्या नीतीच्या कसोटीवर ती कथा तोलली. हर्न यांनी ते बारकाईने टिपून घेतले. परक्या साहित्याला मान द्यावा, पण आपली बुद्धी गहाण टाकू नये, हाच त्यातला धडा.

१८९६ मध्ये त्यांनी जपानचे नागरिकत्व घेतले आणि याकुमो कोइझुमी हे नाव धारण केले. त्याच वर्षी ते टोकियोच्या इंपीरियल विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागले. ते सोप्या शब्दांत व इतके सावकाश बोलत की, विद्यार्थी जवळजवळ प्रत्येक वाक्य उतरवून घेत. त्या वह्यांवरूनच त्यांच्या व्याख्यानांची पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर निघाली. मात्सुए येथील त्यांचा विद्यार्थी मासानोबु ओतानी याच विद्यापीठात आला. त्याला त्यांनी जपानी गीते व लोकसमजुती गोळा करण्याचे काम दिले आणि त्याच्या मोबदल्यात त्याच्या शिक्षणाला पैसा पुरविला. त्याला मदत झाली, पण भीक घेतल्याची भावना झाली नाही.

१९०३ मध्ये विद्यापीठाने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. विद्यार्थ्यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. त्यांच्या जागी आलेल्यांत नात्सुमे सोसेकी होते, जे पुढे जपानचे थोर कादंबरीकार ठरले. हर्न यांनी १९०४ मध्ये वासेदा येथे शिकविण्यास सुरुवात केली, परंतु त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, त्यांचे विद्यार्थी बिन उएदा यांनी युरोपीय कवितांचा जपानी अनुवाद प्रसिद्ध केला. गुरूने जपानच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या होत्या, शिष्याने युरोपच्या कविता जपानीत आणल्या.

पालक बंधुभगिनींनो, आपल्या कित्येक मुलांच्या घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि वर इंग्रजी तिसरी असते. हे ओझे आहे खरे, पण ती पुंजीही आहे. दादी-नानीने सांगितलेली गोष्ट, सणाचा स्वयंपाक, मोहल्ल्यातील कारागिराचे काम, हे सारे मुलाने चार सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहून पाहावे. चुका होतील, त्या शिक्षक दुरुस्त करतील. पण ज्याला सांगायलाच काही नाही, त्याला कोणता शिक्षक भाषा शिकविणार? विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजीच्या वर्गात जाताना आपले घर दाराबाहेर ठेवू नका, ते बरोबर घेऊन जा.